रडू दे म्हणणारी बाई आणि एक फुटकी डबी

सुरुवातीलाच सांगून टाकते. तीन सीड्या, जवळजवळ तीन तासांचा ऑपेरा, म्हणजे युरोपातलं संगीत नाटक, त्यासाठी मी साडेअठराशे रुपये मोजलेले नाहीत. मोजले ते दुसऱ्या सीडीवरच्या एका गाण्यासाठी. पाच मिनिटांच्या आतबाहेरचं गाणं. म्हणजे मिनिटाला पावणेचारशेच्या आसपास पडलं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते, भाव काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. पडलेला भाव महाग नाही, हे निकालाचं वाक्यही इथंच लिहून ठेवते. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

वस्तू अशी: हँडल या अठराव्या शतकातल्या संगीतकाराचा 'रिनाल्दो', डेक्का कंपनीचा संच, क्रिस्टोफर हॉगवूड आणि त्यांचा 'अॅकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक' हा जुन्या वाद्यांचा ताफा, 1999 चं ध्वनिमुद्रण. आल्मिरेनाच्या भूमिकेत चेचिलिया बार्तोली, रिनाल्दो म्हणून डेव्हिड डॅनियल्स. गाण्याचं नाव 'लाशा क्यो प्यांगा'. आमच्या भजनी मंडळात त्याला नुसतं 'लाशा' म्हणतात, तेही हसू दाबत.

आधी विक्रेत्याचं. नाव घेत नाही. जुन्या सीड्या ऑनलाइन विकतात, वर्णनात 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. पार्सल आलं ते एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, आत वर्तमानपत्राचा एक कपटा. हलवलं तर खुळखुळ. उघडलं तर डबीच्या बिजागरीचा एक कान तुटलेला, मधले दातरे मोडून भुगा झालेला आणि त्या भुग्यावर घासत दुसरी सीडीच मोकळी फिरत होती. पहिली आणि तिसरी जागच्या जागी, नव्यासारखी. ज्या सीडीसाठी पैसे टाकले तीच नेमकी. फोटो काढून पाठवले, तर उत्तर आलं, 'सीडी वाजते ना?' वाजते, म्हणून गप्प बसले. माझ्या दुकानात हळदीचं पोतं फाटून आलं आणि समोरच्यानं 'हळद पिवळी आहे ना?' असं विचारलं असतं, तर आमचे शेठ त्याला यार्डाच्या फाटकापर्यंत पोचवून आले असते.

प्लेअरचीही कथा आहे, ती थोडक्यात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातलं आमचं खालचं घर छताला लागेपर्यंत पाण्यात होतं. बाबांच्या दोन ट्रंका भरून कॅसेटी, टेपरेकॉर्डर, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत फक्त गाळ आणि त्यातून बाहेर आलेली तपकिरी रिळं, शेवयांसारखी. बाजाची पेटी तेवढी वाचली, कारण आईनं ती शेजारच्या पोरांकडून आधीच माळ्यावर चढवून घेतली होती. टीव्ही राहिला खाली, पेटी गेली वर. पुढं विश्रामबागेत मावशीकडं महिनाभर होतो, तिथं मावसबहिणीच्या मुलाच्या मोबाइलवर हे गाणं पहिल्यांदा कानावर पडलं. तो कुठल्याशा सिनेमातला तुकडा बघत होता. मी भाकरी थापत होते. हात थांबला, भाकरी काठाला फाटली. एवढंच आठवतं.

नंतर एक जुना सीडी प्लेअर घेतला. त्याची लेन्स अडकायची. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या पुढं एक कारागीर बसतात, त्यांनी ती साफ करून दिली, तीनशे रुपयांत, वर चहा पाजला. गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत टाकलेले असतात, त्यांच्या मधून वाट काढत जावं लागतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे लोक फोटो काढायला येतात. या कारागिरांकडं कोणी येत नाही, त्यामुळं काम वेळेत होतं.

आता गाणं.

संदर्भ कळल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. ऑपेरा क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती-मुसलमानांच्या धर्मयुद्धांच्या काळातला. जेरुसलेमला वेढा पडलाय. रिनाल्दो हा ख्रिस्ती सैन्यातला वीर, आल्मिरेना ही सेनापतीची मुलगी, त्याची वाग्दत्त वधू. तिला आर्मिदा नावाची जादूगारीण पळवून नेते. दुसऱ्या अंकात आल्मिरेना कैदेत, आणि तिच्यासमोर येतो आर्गान्ते, जेरुसलेमचा राजा, खरं तर आर्मिदाचा यार. तो हिच्यावरच भाळतो आणि तसं सांगतो. त्यावर ती जे म्हणते ते हे गाणं. आठ छोट्या ओळी: रडू दे मला माझ्या क्रूर दैवावर, उसासे टाकू दे स्वातंत्र्यासाठी, या यातनांचे साखळदंड माझ्या दुःखानंच तोडावेत, निदान दया म्हणून.

पहिल्यांदा लावलं तेव्हा आई शेजारी गवारी मोडत बसली होती. वय ब्याऐंशी, कान शाबूत. अर्धं गाणं झाल्यावर म्हणाली, "काय म्हणतीय गं ही?" मी पुस्तिका उघडली. इटालियनशेजारी इंग्रजी छापलंय, त्यावरून सांगितलं, "मला रडू द्या म्हणतीय."

"मग कोण नको म्हणतंय?"

मी हसले, पण ती हसत नव्हती. मग तिला आर्गान्ते सांगितला. कैदेत ठेवलंय, आणि वर हा येऊन प्रेम करतो म्हणतोय. गवारीची शेंग हातात तशीच धरून ती म्हणाली, "मग बरोबर आहे. असली माणसं समोर बसली की धड रडताही येत नाही." आणि पुढं, "परत लाव."

पुरात घर गेलं तेव्हा आई रडली नव्हती. विश्रामबागेत रोज कोणी ना कोणी भेटायला यायचं, पिशवीत साखर, चहा, जुनी लुगडी. आल्यागेल्याला ती हसून चहा करून द्यायची. हे मी तिला त्या वेळी बोलून दाखवलं नाही, इथं लिहितेय.

गाण्यातली पहिली आश्चर्याची गोष्ट मला पेटीवर कळली. रडगाणं म्हणजे कोमल गंधार, कोमल धैवत, भैरवी, तोडी असलं काहीतरी असणार असं वाटलं होतं. सूर धरून पाहिला तर सगळं मेजर स्केलचं, म्हणजे आपल्या भाषेत बिलावलाचे शुद्ध स्वर. हसऱ्या मुलीच्या सुरात ही बाई रडतेय. अर्थात शुद्ध गंधारावर रडता येतं हे मिरजेला वेगळं सांगायला नको. अब्दुल करीम खाँसाहेब त्या गावात राहिले, 1937 मध्ये गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावानं अजून उरुसाला गाणं होतं. त्यांची 'पिया बिन नाहीं आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी ज्यांनी ऐकली असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. विरह आहे, पण तोंड वाकडं केलेलं नाही.

दुसरी गोष्ट, पट्टी. पुस्तकांत हे गाणं एफ मेजर म्हणून दिलेलं असतं, म्हणजे सफेद चार. माझ्या पेटीवर मात्र ते सफेद तीनला बसलं. मला वाटलं पुरानं पेटीचे सूर उतरले. ट्यूनरवर पाहिलं तर पेटी ठीक. मग उलगडा झाला. हे जुन्या वाद्यांचे ताफे मूळ सूर सेकंदाला 440 कंपनांना लावत नाहीत, 415 ला लावतात, म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली. तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, आणि त्या अर्ध्या सुरानं सगळा आवाज जरा सैल, जरा शेणानं सारवलेल्या जमिनीसारखा लागतो. मागं हार्प्सिकॉर्ड वाजतो. पियानोसारखा दिसतो, पण आत हातोड्या नसतात, तार छेडली जाते. आईला तो तंबोऱ्याचा नातेवाईक वाटला, आणि ती फार चुकलेली नाही.

तिसरी गोष्ट, ताल. इथं आमच्या मंडळातल्या तबलजी अण्णांची फजिती झाली, ती सांगितलीच पाहिजे. गुरुवारी भजन संपल्यावर मी स्पीकरवर गाणं लावलं. अण्णा म्हणाले, "तीन-तीनचं आहे, दादरा धरतो." धरला. दोन ओळींत हात अडखळला. पुन्हा धरला, पुन्हा अडखळला. "सम कुठंय हिची?" असं चिडून विचारलं. खरी गोष्ट अशी की हा साराबांद नावाचा नाच आहे, संथ तीन मात्रांचा, आणि त्यात वजन दुसऱ्या मात्रेवर पडतं. पहिलं पाऊल टाकायचं, आणि दुसऱ्यावर थबकायचं. आपला हात पहिल्या मात्रेवर पडायला शिकलेला, तो दर वेळी एक घर आधी पोचतो. अण्णांनी शेवटी तबला बाजूला सारला आणि नुसत्या बोटांनी मांडीवर दुसरी मात्रा धरून बसले. चार-पाच आवर्तनांनंतर मान डोलायला लागली.

आणि त्यात मधे मधे ती थांबते. 'लाशा' म्हणते, 'क्यो प्यांगा' म्हणते, आणि गप्प. मग 'मिया क्रूदा सोर्ते', आणि पुन्हा गप्प. नुसता श्वास घेण्यापुरतं नव्हे, चांगलं जाणवेल एवढं. रडून बोलणाऱ्या माणसाचं वाक्य जसं तुकड्यांत येतं, तसं. पण हुंदका एकही घातलेला नाही, हुंदक्याची जागा तेवढी रिकामी ठेवलीय. आमच्याकडं कीर्तनकार बुवा ओवीच्या मधे असाच थांबतात, आणि मांडवातला खोकणारा माणूससुद्धा खोकायचा थांबतो. माझं प्रामाणिक मत विचाराल तर गाणं तीनशे वर्षं टिकलं ते या रिकाम्या जागांमुळं. तिथं ऐकणारा आपलं आपलं काहीतरी भरतो. मी काय भरलं ते वर लिहिलंय.

आता चालीचं, म्हणजे मला सर्वांत आवडलेला भाग.

ही चाल हँडलनं 'रिनाल्दो'साठी केलेलीच नाही. ती त्याच्याकडं आधीपासून होती. 1705 मध्ये हॅम्बुर्गला त्याचा 'आल्मिरा' हा ऑपेरा लागला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्यात तिसऱ्या अंकात हा साराबांद नुसता नाच म्हणून येतो, शब्दांशिवाय. मग तो इटलीत गेला. रोममध्ये त्या वर्षांत पोपच्या हुकमामुळं ऑपेराला बंदी होती, म्हणून धर्माचं नाव लावून ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाशिवाय नुसतं गायचं नाटक, करायचे. 1707 मध्ये त्यानं असा एक केला, शब्द कार्डिनल बेनेदेत्तो पाम्फिलींचे. त्यात सुख, सौंदर्य, काळ अशी पात्रं आहेत, आणि सुख सौंदर्याला भुलवतं: 'लाशा ला स्पीना', काटा सोड, गुलाब घे, कशाला आपलं दुःख हुडकत फिरतेस. चाल हीच. मग 1711 मध्ये लंडनला त्याच चालीवर 'मला रडू दे'.

आपल्याला यात काही विचित्र वाटायचं कारण नाही. 'याची चाल अमुक पदासारखी' असं छापलेल्या नाटकांच्या पुस्तकांवरच आपण वाढलो. एक चाल, शब्द बदलले की रस बदलतो. पण एकाच माणसानं, एकाच चालीवर, आधी मोहाचं गाणं आणि मग कैदेतल्या बाईचं गाणं बांधावं, आणि दोन्ही खरी वाटावीत, हे मला अजून पचत नाही. बार्तोलीनंच 2005 मध्ये काढलेल्या 'ओपेरा प्रोइबीता' या सीडीत तो काटा-गुलाबवाला अवतार गायलाय. तो मी मोबाइलवर ऐकला. दोन्ही लागोपाठ ऐका. गुलाबाच्या गाण्यात त्या थांबण्याच्या जागा लाडिक वाटतात, कोणी वाट बघतंय अशा. रडण्याच्या गाण्यात त्याच जागा, त्याच लांबीच्या, आणि तिथं घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. मात्रा मोजल्या मी, हिशेबनीस आहे. तेवढ्याच आहेत.

बार्तोलीचं गाणं कसं? उत्तम, पण एक तक्रार आहे. ती इतकं हळू गाते, इतकं हळू, की आमच्या रस्त्यावरून रिक्षा गेली की दोन ओळी बुडतात. प्लेअरचा आवाज वाढवला तर पुढच्या तुतारीच्या तुकड्याला शेजारचं बाळ उठतं. रात्री दहानंतरच ऐकायची वस्तू आहे. गाणं तीन भागांत बांधलंय. पहिला भाग, मग मधला भाग, जिथं सूर मंद होतो, मायनरकडं, म्हणजे कोमल स्वरांकडं वळतो, वाद्यं मागं सरतात आणि ती साखळदंडांबद्दल बोलते. मग पहिला भाग पुन्हा, शब्द न् शब्द तोच. यालाच 'दा कापो' म्हणतात, पहिल्यापासून. आपल्या संगीत नाटकात प्रेक्षक वन्समोअर मागायचे, इथं वन्समोअर कागदावरच लिहून ठेवलाय. आणि दुसऱ्यांदा गाताना गायिकेनं आपल्या पदरच्या हरकती घालायच्या, हा त्यांचा रिवाज. बार्तोलीचा गळा असा की वाटेल तिथं ती वीस-वीस स्वरांच्या माळा ओवते, बाकीच्या सीडीत ऐकाच. इथं मात्र तिनं हात आखडता घेतलाय. एखादा स्वर वरून धरून अलगद खाली आणलाय, एखादी मुरकी, बस. जिथं घालता येतं तिथं न घालणं, हे आमच्या भजनी मंडळातल्या नव्या मुलींना मी ही सीडी लावून शिकवणार आहे. त्यांना प्रत्येक 'विठ्ठला'वर तान हवी असते.

आईला रिनाल्दो पसंत पडला नाही. "हा पुरुष आहे?" तिनं तीनदा विचारलं. डेव्हिड डॅनियल्स काउंटरटेनर आहे, पुरुष असून बाईच्या पट्टीत गातो. 1711 ला ही भूमिका निकोलिनीनं केली होती, तो कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नव्हता. तेव्हाच्या नायकाला असाच आवाज हवा असायचा, उंच आणि चकचकीत. हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अगं, बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे ते तुला चालायचं." तर म्हणाली, "ते बाई होऊन बाईसारखे गायचे. हा बुवा होऊन बाईसारखा गातोय. फरक आहे." फरक आहे खरा. पण बालगंधर्वांचं स्मारक आमच्याच जिल्ह्यात, नागठाण्याला, तेव्हा निदान सांगलीकरांनी डॅनियल्सला पाच मिनिटं द्यावीत. पहिल्या अंकात आल्मिरेनाला पळवून नेल्यावर तो 'कारा स्पोझा' गातो. जाणकार ते गाणं 'लाशा'पेक्षा वरचं मानतात. व्हायोलिनींचे धागे एकमेकांत गुंतत जातात आणि मधून त्याचा आवाज. मलाही थोर वाटलं. पण ते शिकलेलं दुःख आहे, ऐकायला आधी तयारी लागते. 'लाशा'ला भाकरी थापताना पकडता येतं.

यातच एक जुळणी मनात आली ती लिहिते, पुरावा मागू नका. 'रिनाल्दो' 1711 चा. आपल्या सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' 1911 चं. बरोबर दोनशे वर्षं. दोन्हीकडं धैर्यवान सेनानी, दोन्हीकडं मानी नायिका, दोन्हीकडं गाण्यांवर तरलेलं नाटक आणि दोन्हीकडं मंचावर खर्चाला मागंपुढं न बघणारी मंडळी. लंडनला आल्मिरेनाच्या बागेच्या प्रवेशात खऱ्या चिमण्या सोडल्या होत्या! जोसेफ अॅडिसन नावाच्या लेखकानं त्या मार्चमध्ये 'स्पेक्टेटर'मध्ये त्यावरून यथेच्छ खिल्ली उडवली. सांगलीत 1843 ला विष्णुदास भावेंनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून आपल्याकडं राक्षस आरडाओरडा करत यायचे, राळेचे भपके उडायचे, पण चिमण्या सोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. या सीडीत चिमण्यांच्या जागी एक चिमुकली बासरी आहे, तिनं काम भागतं. शिवाय ती कुणाच्या डोक्यावर घाण करत नाही.

बाकी ऑपेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. हँडलनं तो पंधरा दिवसांत लिहून काढला असं त्याच्या शब्दकारानं, जाकोमो रोस्सीनं, छापील प्रस्तावनेत म्हटलंय, आणि कधी कधी ते जाणवतं. गाण्यांच्या मधे बोलीसारखा सपाट भाग येतो, तो मी दुसऱ्यांदा ऐकताना पुढं ढकलला. जादूगारीण आर्मिदा मात्र झकास. तिच्या येण्याला रागाचा कडकडाट आहे, आईनं "ही कैकेयी" म्हणून तिला लगेच ओळखलं. तिसऱ्या सीडीवर तुताऱ्या आणि ढोल. पोरांना आवडेल. शेवटी आर्मिदा आणि आर्गान्ते दोघंही ख्रिस्ती होतात आणि सगळं गोड होतं, तिथं मी उठून देवापुढं दिवा लावला.

ज्यांना हे गाणं सिनेमातून माहीत आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. 1994 च्या 'फारिनेल्ली' सिनेमात हे गाणं फारिनेल्ली हा कास्त्रातो गातो, आणि बहुतेकांना, माझ्या भाच्यालाही, वाटतं की मूळ तसंच होतं. तसं नाही. हे बाईचं गाणं आहे, आल्मिरेनाचं, पहिल्या प्रयोगात इझाबेल्ला जिरार्दो नावाच्या गायिकेनं गायलेलं. आणि खरा फारिनेल्ली हँडलच्या कंपनीत कधी गायलाच नाही. सिनेमातला तो आवाजही एका माणसाचा नाही. डेरेक ली रेगिन हा काउंटरटेनर आणि एवा मालास-गोडलेव्स्का ही सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, दोघांचे आवाज यंत्रावर मिसळून केलेला आहे. ऐकायला गुळगुळीत. सांधा कुठंच दिसत नाही म्हणूनच मला तो आवडत नाही.

पुस्तिकेबद्दल. जाड आहे, शब्द सगळे छापलेत, पण अक्षर इतकं बारीक की माझा चष्मा आणि वर भिंग लागलं. 'लाशा'च्या पानावर आता माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटलाय. सौद्यांचे दिवस होते, दुकानातून आल्यावर हात धुतला तरी राजापुरी हळद नखात राहतेच. पुसायला गेले तर ठसा आणखी पसरला, आता बरोबर 'ला लिबेर्ता' या शब्दांवर आहे. पुन्हा विकायला काढला तर 'उत्तम स्थिती' लिहिता येणार नाही.

घ्यावा का? पेटी, तंबोरा, तबला असलं काही घरात असेल, किंवा नाट्यसंगीताचं वेड असेल, तर डोळे झाकून घ्या, पण विक्रेत्याला डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो मागा, आणि सीडी आत हलते का ते विचारा. फक्त ते एक गाणं हवं असेल तर मोबाइलवर फुकट मिळतं, तिथंच ऐका, पैसे वाचवा. इयरफोन घाला मात्र.

तुटक्या डबीला आईनं लोणच्याच्या बरणीचं रबर लावून दिलंय. त्याला अजून मोहरीचा वास येतो. परवा मी तिसरी सीडी लावायला घेतली, राहिलेला शेवट ऐकू म्हटलं, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "ती ढोलवाली नको. ती रडायची परवानगी मागणारी लाव. आणि दार ओढून घे, रिक्षा येतात."